माणसांची लागवड

सिटीवेस्ट, डब्लिन
७ सप्टेंबर २०२५

नाना,

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. गावातल्या केदारच्या मेडिकलमधून बातम्या कळतात. तब्येत बरी आहे, संध्याकाळी किल्ल्याच्या कोटापर्यंत चालत जाता, माझा विषय निघाला की त्याला रक्तदाब मोजायला सांगता.

अडीच वर्षं झाली. शाळेतल्या त्या दिवसाबद्दल या पत्रात काही लिहिणार नाही. मला इतिहासातलं एक विचारायचं आहे आणि ते विचारायला दुसरं कोणी नाही.

गेल्या आठवड्यात दाराच्या फटीतून एक हिरवा कागद आत पडला. वर मोठ्या अक्षरात, 'नव्या प्लँटेशनला आमचा विरोध'. खाली आपल्या घरामागच्या मोकळ्या जागेचा नकाशा, जिथे तुम्ही ब्रीदाबरोबर फिरायचात. मला वाटलं, झाडं लावणार असतील. इथे डोंगरांवर लाकडासाठी एकाच जातीची झाडं लावतात, त्याविरुद्ध लोक बोलतात हे ऐकून होते. पण झाडांना एवढा विरोध कशाला, हे समजेना.

सकाळी लुआस ट्रामच्या स्टॉपवर ब्रीदाच उभी होती, हातात त्याच कागदांचा गठ्ठा. शेजारची ब्रीदा आठवते ना? चहा 'प्रेस'मध्ये आहे असं तिने सांगितल्यावर तुम्ही इस्त्रीच्या टेबलाखाली शोधत होतात, आणि मग तिने कपाट उघडून दाखवलं. मी तिला म्हटलं, "मला तर अजून झाडं हवी आहेत ब्रीदा. सावली होईल."

ती म्हणाली, "तू ग्रँड आहेस गं, पेट," म्हणजे इथल्या बोलीत तुझं ठीक आहे गं बाळा, आणि गठ्ठा पिशवीत ठेवून दिला. मला कागद दिला नाही.

संध्याकाळी रेवाला सांगितलं तर ती आधी खूप हसली. मग तिने तिचं माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या वर्षाचं इतिहासाचं पुस्तक आणून दाखवलं. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राज्यकर्त्यांनी इथल्या लोकांच्या जमिनी काढून घेतल्या आणि तिथे आपली माणसं आणून वसवली. त्याला प्लँटेशन म्हणतात. "त्यांनी माणसं लावली, आई," असं ती म्हणाली. ती इंग्रजीतच बोलते, हे मी मराठीत लिहिते आहे. आता त्या जागेत सहा मजली इमारती होणार, त्यांत बाहेरून आलेली माणसं राहणार, म्हणून तो शब्द.

"बाहेरून आलेली म्हणजे आपण?" मी विचारलं.

तिने पुस्तक मिटलं. "माहीत नाही. तसंच काहीसं."

नाना, हा शब्द असा वापरता येतो का? तोफा घेऊन येणारा आणि व्हिसा घेऊन येणारा एकाच शब्दात बसतात का? तुम्ही आम्हाला रेवदंड्याच्या कोटात फिरवून कोण कुठून आलं ते पाठ करून घेतलंत. त्यात हे कुठे बसवायचं, ते मला समजत नाही.

ज्ञानदा


२८ सप्टेंबर

नाना,

उत्तर आलं नाही. पत्र पोचायलाच दोन-तीन आठवडे लागतात असं केदार म्हणाला, तेव्हा तुम्ही रागावला आहात की टपाल रेंगाळलं आहे, कळायला मार्ग नाही.

मागच्या रविवारी सकाळी दार उघडलं तर आमच्या बागेच्या भिंतीवर हिरव्या रंगात लिहिलेलं, 'प्लँटर्स आउट'. चार घरांवर होतं. आमच्या, नागपूरच्या डॉक्टर अभिजितच्या, कोपऱ्यावरच्या पोलिश कुटुंबाच्या आणि चौथ्या, मर्फींच्या. मर्फी सात पिढ्या इथलेच. बहुतेक लिहिणाऱ्याचा घराचा नंबर चुकला. मर्फी स्वतः बाहेर येऊन ते वाचत उभे होते आणि त्यांना राग नक्की कशाचा येतोय, भिंत रंगवल्याचा की चुकीच्या भिंतीचा, ते त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं.

तेवढ्यात ब्रीदा आली. बादली, तारेचा ब्रश. गुडघ्याखाली उशी घेऊन बसली आणि आमची भिंत घासायला लागली. तिचं वय तुम्हाला माहीत आहे. मी गरम पाणी आणून दिलं, दुसरा ब्रश घेतला.

मग मी विचारलं. "ब्रीदा, हा शब्द तुझ्या कागदावरचाच आहे."

"तुमच्यासाठी नव्हता तो."

"मग कोणासाठी?"

"तुम्ही कामाला जाता. बाग ठेवता. तुझे वडील माझ्याबरोबर चालायचे. अभिजितने माझी छाती तपासली आहे." ब्रश चालूच होता. "आम्हाला न विचारता कुठून कुठून आणून ठेवणार आहेत, त्यांच्यासाठी."

"आम्हाला तरी कोणी कुठे विचारलं होतं?" हे मी म्हटलं, आणि नक्की काय म्हणायचं होतं ते मलाच धड कळलं नाही. तिलाही नाही. ती म्हणाली, "माझ्या आजोबांच्या घराण्याचं शेत ऑफली परगण्यात होतं. पंधराशे छप्पन्न साली गेलं. आम्ही अजून गाडीतून जाताना मुलांना ते दाखवतो. तो शब्द आमचा आहे, ज्ञानदा. मी तो कोणाला विचारून वापरणार नाही."

मला तिचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण ती गुडघ्यावर बसून माझीच भिंत पुसत होती, आणि शेवटचं अक्षर जाईना म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रंगाच्या वासाने की कशाने, कोण जाणे. मी तिला चहा दिला. ती 'नको' न म्हणता प्यायली.

यशोधन सोमवार ते शुक्रवार शॅननच्या कारखान्यात असतो, त्याला फोनवर सांगितलं. आधी म्हणाला, तू आणि रेवा शॅननला राहायला या. मग म्हणाला, पुण्यालाच परत जाऊ. फोन ठेवताना म्हणाला, वसाहतीच्या कमिटीत नाव देऊन टाक. तिन्ही मनापासून म्हणाला.

त्या दिवसापासून रेवा मागच्या फाटकाने ये-जा करते.

ज्ञानदा


१२ ऑक्टोबर

नाना,

पहिल्या पत्रात लिहिलं होतं की त्या दिवसाबद्दल लिहिणार नाही. आता लिहावं लागेल, कारण रेवाने विचारलं.

झालं असं की गुरुवारी शाळेतून येताना लुआसमध्ये कुत्रा घेऊन बसलेला एक माणूस तिला म्हणाला, "प्लँटर, घरी जा." रेवाबरोबर मेव्ह होती. मेव्ह म्हणजे तीच, जी त्या दिवशी वर्गात रडली होती. दोघी आता एकाच माध्यमिक शाळेत आहेत. मेव्ह त्या माणसाला म्हणाली, "घरीच चालली आहे ती. सिटीवेस्टला." माणूस खिडकीबाहेर बघायला लागला. एवढंच. कोणी हात लावला नाही, काही नाही. पण रेवा घरी आली ती दप्तर न काढताच स्वयंपाकघरात उभी राहिली आणि म्हणाली, "नाना त्या दिवशी खरं सांगत होते ना? जहाजाचं?"

"हो."

"मग ते गोंधळतात असं तू का सांगितलंस?"

मला वाटत होतं, हे तुम्हाला आणि मलाच माहीत आहे. तर ती तेव्हा मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती आणि दार उघडं होतं.

म्हणून आता नीट लिहिते. मार्च २०२३. रेवा पाचवीत. वर्गात सागरी शोधांचा धडा चालू होता आणि मिस डॉयलने आजी-आजोबांपैकी कोणी येऊन काही सांगेल का, असं विचारलं होतं. तुम्ही आठवडाभर तयारी केलीत. कोटाचे नकाशे, त्यांच्या झेरॉक्स. तपकिरी कोट घातलात. मी ऑफिसला गेले. साडेअकराला शाळेतून फोन आला की लगेच या. मी टॅक्सीने आले. मिस डॉयलने एवढंच सांगितलं की आजोबांनी एका जळत्या जहाजाची गोष्ट सांगितली, आवाज फार चढला, मुलं घाबरली, एक मुलगी रडायला लागली, म्हणून त्यांना थांबवावं लागलं.

मुख्याध्यापकांच्या खोलीत तुम्ही खुर्चीवर बसला होतात, टोपी गुडघ्यावर. त्यांनी मला अगदी सौम्यपणे विचारलं, काय झालं असेल? आणि मी इंग्रजीत म्हणाले, "ते शहात्तर वर्षांचे आहेत. हल्ली गोंधळतात."

तीस वर्षं इतिहासाबरोबर इंग्रजीचेही तास घेतलेल्या माणसासमोर मी हे बोलले. ते खोटं होतं. तुम्ही गोंधळला नव्हतात. ते जहाज, ते साल, ते यात्रेकरू, सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. तुमचा राग समजावून सांगायला वेळ लागला असता, आणि वय सांगायला एक वाक्य पुरलं. मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. बाकी काही कारण शोधलं तर सापडत नाही.

लुआसमध्ये तुम्ही समोरच्या सीटवर बसलात. सॅगर्टची पाटी दिसली तेव्हा म्हणालात, "तिकीट बदलता येतं का गो?" मी म्हटलं, येतं. आणि बदललं. 'नको जाऊ' असं मी म्हणाले नाही, हेही मनात कुठे ठेवायचं ते मला अडीच वर्षांत कळलेलं नाही. तुम्ही मे महिन्यापर्यंत राहणार होतात.

रेवाला मी सांगितलं की मी खोटं बोलले. ती म्हणाली, "ओके." तिच्या 'ओके'चा अर्थ मला पूर्वी कळायचा.

ज्ञानदा


१९ ऑक्टोबर

नाना,

हे पत्र आधीच्याच्या पाठोपाठ टाकते आहे, कदाचित दोन्ही एकदमच मिळतील.

काल नाही, परवा, मी रेवाच्या जुन्या शाळेत गेले. वेळ मागितली होती. मुख्याध्यापक तेच आहेत, केस जरा पांढरे झालेत. मी रात्रभर इंग्रजी वाक्यं जुळवली होती, ती सगळी एका दमात बोलले. की मार्च २०२३ मध्ये माझे वडील इथे आले होते, मी तुम्हाला म्हणाले की ते गोंधळतात, ते खरं नव्हतं, त्यांनी सांगितलेलं सगळं घडलेलं होतं आणि त्यांची स्मृती माझ्यापेक्षा चांगली आहे.

"कोणते वडील?" असं विचारायला ते लाजत होते, हे मला दिसलं. मी टोपीचं सांगितलं. मग म्हणाले, "अरे हो. फार छान गृहस्थ. नकाशे घेऊन आलेले. मुलांना खूप आवडलं होतं, नाही का?"

मी म्हटलं, "एक मुलगी रडली होती."

"असेल," ते म्हणाले. "पाचवीत कोणी ना कोणी रोजच रडतं."

मला चहा विचारला. मी बाहेर येऊन स्टॉपवर बसले आणि दोन गाड्या जाऊ दिल्या. ज्या खोलीत, ज्या माणसासमोर मला लाज वाटली होती, त्याला त्यातलं काहीच आठवत नाही. मला हलकं वाटायला हवं होतं का? उलट जास्तच लाज वाटली, आणि ती कोणासमोर ठेवायची तेही कळेना. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

ज्ञानदा


रेवदंडा
५ नोव्हेंबर २०२५

चि. ज्ञानदा,

चारही पत्रे मिळाली. केदारने चष्म्याची काच बदलून आणली, म्हणून वाचता आली, नाहीतर उत्तरास आणखी उशीर झाला असता.

आधी तुझा इतिहासाचा प्रश्न. प्लँटर म्हणजे ज्याला राज्यकर्त्याने दुसऱ्याची जमीन दिली आणि ती राखायला सैन्य दिले, तो. तुझ्या घरासाठी कोणाला हुसकावले नसेल तर तू प्लँटर नव्हेस. इथवर उत्तर सोपे आहे. पण ब्रीदाबाईंना भीती कशाची वाटते हे विचारल्याशिवाय नुसता शब्द खोडून ती भीती जाणार नाही, आणि त्याचे उत्तर मला येत नाही.

आता दुसरी गोष्ट. तू लिहितेस की तू खोटे बोललीस. मी ती ओळ दोनदा वाचली. मुलगी असे बोलली याचे मला वाईट वाटले, ते खोटे सांगत नाही. तिकीट बदलायला सांगितले ते त्याच रागात. पण नंतर जे झाले ते मी तुला सांगितले नाही, आणि तू सगळे आपल्या माथी घेऊन बसलीस ते मी चालू दिले. ते मात्र माझे खोटे.

वर्गात मी काय बोललो, ते तुला पूर्ण कोणी सांगितलेले दिसत नाही. कोटाची माहिती सांगितली, मुले ऐकत होती. मग १५०२ सालच्या जहाजाकडे वळलो. मक्केहून परतणारे यात्रेकरू, वास्को द गामाची माणसे, आग, हातांवर लेकरे उचलून दाखवणाऱ्या बायका. तीस वर्षे वर्गात शांतपणे सांगितलेली ती घटना. पण त्या दिवशी समोर सगळे गोरे चेहरे पाहिले आणि माझ्या तोंडून गेले, "हे तुमच्या पूर्वजांनी केले." एकदा नव्हे गो, तीनदा. बोट दाखवून. त्या वेळी ती मुलगी रडली.

त्या मुलांत पोर्तुगीज एकही नव्हता. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला हे दिसले नाही.

शनिवारी माझे विमान होते. गुरुवारी ब्रीदाबाईंबरोबर शेवटचे फिरायला गेलो, तेव्हा त्यांनी ऑफलीच्या शेताचे सांगितले. १५५६. मी मनात आकडा मांडला, तेव्हा आपला कोट पस्तीस वर्षांचा झाला होता. म्हणजे इकडे पोर्तुगीज आमच्या किनाऱ्यावर तट बांधून बसलेले, आणि तिकडे त्या मुलांच्या खापरपणज्यांना शेतातून हाकलत होते. आणि मी त्या पोरांनाच बोट दाखवून आलो. ब्रीदाबाईंना मी काही बोललो नाही. शाळेत परत जाऊन चार शब्द बोलायला दोन दिवस होते. गेलो नाही. सामान बांधत बसलो.

तेव्हा तू मुख्याध्यापकांना सांगितलेस ते खोटे म्हणू नकोस. मी गोंधळलोच होतो, फक्त वयामुळे नव्हे. फोन उचलला असता तर हे बोलावे लागले असते, म्हणून उचलला नाही.

त्या मुलीचे नाव मेव्ह, हे तुझ्या पत्रावरून कळले. ती रेवाच्या बाजूने बोलली, तेही कळले. सोबत तिच्यासाठी वेगळा कागद ठेवला आहे. मराठीतच लिहिला आहे, इंग्रजीत लिहायला गेलो तर अर्ज वाटायला लागला. रेवाला वाचून दाखवायला सांग. तिला मराठी वाचता येत नसेल तर तू तिला वाचून दाखव, आणि तिने पुढे सांगावे.

ब्रीदाबाईंना माझा नमस्कार सांग. चि. यशोधनला सांग, एका वेळी एकच ठरव.

तुझा,
नाना


३० नोव्हेंबर

नाना,

तुमचं पत्र मंगळवारी आलं. मी ते ऑफिसला जाताना उघडलं आणि उतरायचा स्टॉप गेला. तसंच शेवटपर्यंत जाऊन परत आले.

तुमच्यावर रागवावं, की मी सुटले म्हणून बरं वाटून घ्यावं, की आपण दोघांनी अडीच वर्षं एकमेकांपासून आपापलं लपवलं याचं हसू यावं, काही ठरेना. अजून ठरलेलं नाही. तुम्हीही ठरवायची घाई करू नका.

रेवाला मी दोन्ही कागद वाचून दाखवले. 'तुमच्या पूर्वजांनी' इथे आले तेव्हा ती म्हणाली, "मला ते आठवतंय. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. नाना 'तुमच्या' म्हणाले, त्यात मी पण आहे असं मला वाटलं." मी विचारलं, मग तू तेव्हा काही बोलली का नाहीस? ती म्हणाली, "कारण मी त्यांच्यातच बसले होते ना." हे मी तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. मला ते माहीत नव्हतं आणि तुम्हालाही नसणार.

शुक्रवारी मेव्ह आमच्याकडे आली. दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या, मी एकेक ओळ वाचायची आणि रेवाने ती इंग्रजीत सांगायची. रेवा अडखळत होती. 'क्षमस्व' या शब्दावर थांबली, मला म्हणाली, हा नुसता सॉरी आहे का? मी म्हटलं, त्याहून जरा उभा राहून म्हटलेला सॉरी. तिने मेव्हला ते तसंच सांगितलं.

मेव्हने सगळं ऐकून घेतलं. खूप लाल झाली होती. मग म्हणाली की 'तुमचे पूर्वज' वगैरे तिला काही आठवतच नाही. ती रडली होती हे बरोबर. पण ती रडली त्या जहाजातल्या मुलांसाठी. तिचा धाकटा भाऊ तेव्हा दोन वर्षांचा होता, आणि बायका लेकरं वर उचलून दाखवतात इथे आल्यावर तिला तोच दिसायला लागला. आणि मग मिस डॉयलने गोष्ट थांबवली.

म्हणजे नाना, मुख्याध्यापकांना काही आठवत नाही, मेव्हला तुमचं बोट आठवत नाही, रेवाला ते स्वतःकडे रोखलेलं आठवतं. आपण दोघं कोणाच्या दिवसाबद्दल एवढे दिवस गप्प होतो, ते मला सांगता येणार नाही.

ब्रीदाला तुमचा नमस्कार सांगितला आणि पत्रातला तिच्याबद्दलचा भागही सांगितला. भीती कशाची, हे मी विचारलं. म्हणाली, विचार करून सांगते. ती अजून स्टॉपवर उभी राहते. नव्या कागदावर तो शब्द नाही, किती मजले होणार तेवढंच आहे, आणि खाली सहीची जागा. या वेळी तिने मला एक दिला. मी घेतला. सही अजून केलेली नाही. रेवा काल पुढच्या फाटकाने गेली, आज मागच्या.

एक राहिलं. जाताना मेव्ह बूट घालत होती तेव्हा रेवाला म्हणाली, तुझ्या आजोबांना विचार ना, ती मुलं वाचली का. रेवाने माझ्याकडे पाहिलं. मला एवढंच आठवत होतं की आग लागण्याआधी काही लहान मुलांना त्या जहाजावरून उतरवून घेतलं होतं. वीसेक. मी तसं सांगितलं. मेव्हने लगेच विचारलं, "मग पुढे? त्यांचं काय केलं? कुठे नेलं त्यांना?"

मला नाही माहीत, नाना. तुम्ही कोटात सांगायचात तेव्हा मी जहाज बुडेपर्यंतच ऐकायचे आणि पळून जायचे.

२८ डिसेंबरच्या रविवारी, तोवर हे पत्र पोचेल, मेव्ह पुन्हा येणार आहे. इथल्या दुपारी बाराला, म्हणजे तुमच्या साडेपाचला, आम्ही तिघी फोन लावू. उचला.

ज्ञानदा